कंपनीचं फाउंडेशन खरंच मदत करतं की नुसती जाहिरात?

तुम्ही विचारलंय की कंपन्या स्वतःचं फाउंडेशन काढून आजूबाजूच्या लोकांना मदत करतात ती मनापासून असते की टॅक्स वाचवायला आणि नाव कमवायला. मी एका छोट्या संस्थेत अशा फाउंडेशनांकडे पैसे मागायचंच काम करतो, म्हणून सांगतो, मनात काय आहे ते शोधत बसू नका, त्यातून हाती काही लागत नाही. पैसा येतो कुठून आणि तो बंद करणं कोणाच्या हातात आहे एवढं आधी बघा.

काही ठिकाणी फाउंडेशनच कंपनीचं मालक असतं. टाटा सन्सचे साधारण ६६ टक्के शेअर टाटा ट्रस्टांकडे आहेत. जर्मनीत बॉश कंपनीचे बहुतेक शेअर १९६४ मध्ये रॉबर्ट बॉश फाउंडेशनकडे आले, आता ते जवळपास ९४ टक्के आहेत, आणि गंमत म्हणजे मतदानाचा हक्क जवळजवळ सगळा दुसऱ्याच एका ट्रस्टकडे, म्हणजे डिव्हिडंड (शेअरवर मिळणारा नफ्याचा वाटा) समाजकामाला जातो पण फाउंडेशनवाले कारखाना चालवायला जात नाहीत. इथे नवीन साहेब आला आणि त्याला समाजसेवेचा कंटाळा आला म्हणून काम थांबलं असं सहजासहजी होत नाही.

पण बहुतेक फाउंडेशनं अशी नसतात. कंपनी दरवर्षी काहीतरी रक्कम देते आणि तीच खर्च होते, शिल्लक अशी फारशी नसते, त्यामुळे कंपनीचं वर्ष वाईट गेलं की पहिली कात्री इकडेच. करार असला तरी भांडण होतं बरं का! ब्रिटनमध्ये टीएसबी बँक १९८६ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा चार फाउंडेशनं काढली आणि नफ्यातला ठरलेला हिस्सा त्यांना द्यायचं ठरलं. पुढे ही बँक लॉइड्स या मोठ्या बँकेत गेली, मग २००८ ची मंदी, आणि २००९ चा हिस्सा किती यावरून स्कॉटलंडच्या फाउंडेशनचं बँकेशी वाजलं. फाउंडेशन म्हणे ३५ लाख पाउंडांहून जास्त, बँक म्हणे ३८,९२० पाउंड. सगळा वाद एका हिशेबी नोंदीचा, लॉइड्सने आणखी एक बँक स्वस्तात घेतल्यामुळे कागदावर जो फायदा दिसला तो नफ्यात धरायचा की नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकेच्या बाजूने निकाल दिला, आणि ते फाउंडेशन २०१७ पासून कोरा फाउंडेशन या नावाने चालतंय.

आता आमच्या बाजूचं ऐका. फाउंडेशनवाले वस्तू आनंदाने देतात, कॉम्प्युटर, बाकं, मशीन, कारण त्यावर नाव लावता येतं. पगार म्हटलं की चेहरे पडतात. पण शिकवणाऱ्या बाईंचा पगार निघाला नाही तर त्या कॉम्प्युटरवर नुसती धूळच बसणार ना? आणि तो रिपोर्टचा फॉर्म! त्यात 'लाभार्थी संख्या' असा रकाना असतो. एकाने मला विचारलं की रोज येणारी तीच तीच मुलं तुम्ही एकदाच का मोजता, रोजची हजेरी बेरीज करून लिहा की, आकडा बरा दिसेल. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वर कोणालातरी तक्ता दाखवायचा होता. पुठ्ठ्याचा मोठा चेक धरून फोटो काढतात त्याचं मला काही वाटत नाही, काढू देत. हे आकडे फुगवणं मात्र डोक्यात जातं.

सगळेच तसे नसतात. काही जण दोन-तीन वर्षांचा शब्द देतात, खर्च कशावर करायचा ते संस्थेवर सोडतात, नंतर फोन करून विचारतात अडलंय का काही. असं कोणी भेटलं तर कंपनीने टॅक्स वाचवला की नाही याच्याशी मला घेणंदेणं नाही.

तुमच्या भागात कोणी येत असेल तर सरळ विचारा, विश्वस्तांमध्ये कंपनीबाहेरचं कोणी आहे का, पैसे एका वर्षाचे की पुढचेही, पगाराला चालतात का. आणि कंपनीने इथलं काम बंद केलं तर फाउंडेशन राहणार की तेही जाणार, हे तोंडी नको, लेखी मागा.