आई-बाबांबरोबर स्क्वॉमिशला दोन दिवस: चीफ चढावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये आई-बाबा पुण्याहून व्हँकुव्हरला येताहेत, जवळच्या स्क्वॉमिश गावाला दोन दिवस काढायचेत. बाबा ६२ वर्षांचे, अजूनही महिन्यातून दोनदा सिंहगड करणारे. आईचे गुडघे कुरकुरतात. तिथला चीफ हा कातळी डोंगर बाबांना झेपेल का, आणि आईने तोवर काय करायचं?

बाबांना झेपेल. पहिल्या शिखरापर्यंत आतकरवाडीतून सिंहगड चढल्याइतकीच दमछाक होते. मात्र सकाळीच चढा, हे आधी सांगून ठेवतो. तिथला सगळा दिवस वाऱ्यावर चालतो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? स्क्वॉमिश हाऊ साउंड नावाच्या खाडीच्या अगदी टोकाला आहे. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मधे समुद्राची चिंचोळी जीभ. उन्हाळ्यात दुपारी आतली जमीन तापली की समुद्रावरची हवा त्या नळीतून सुसाट गावावर येते. गावाच्या नावाचा अर्थच ‘वाऱ्याची आई’ असं तिथे सांगतात. पतंग बांधून पाण्यावर सरकणारी काइटबोर्डिंगवाली पोरं दुपारची वाटच बघत असतात. म्हणून सकाळी डोंगर, दुपारी किनारा. उलटं केलंत तर चढताना ऊन, गर्दी, आणि पार्किंगला जागा नाही. शनिवार-रविवारी चीफखालची पार्किंगची जागा सकाळीच भरते, त्यामुळे शक्यतो मधल्या वारी जा.

आता चीफविषयी. पूर्ण नाव स्टावामस चीफ, उंची ७०२ मीटर, तीन शिखरं. पहिलं ६१० मीटरवर. हा आकडा ऐकून बाबा हसतील, पण आपण जवळजवळ समुद्रसपाटीवरून सुरुवात करतो आणि वाट वळणं घेत बसत नाही. ओलेसन ओढ्याच्या कडेने आधी लाकडी जिने, मग दगडी पायऱ्या, मग मुळं, मग पुन्हा पायऱ्या. गुडघ्यांचा हिशोब उतरताना चुकवावा लागतो. काठी असू द्या.

शेवटच्या टप्प्यात शिडी आणि साखळ्या आहेत. सकाळी साखळीला हात लावला की ऑगस्टमध्येही गार लागते, आणि कडी लोकांच्या तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेली असते. खाली कातळावर बुटांच्या रबराचे काळे ओरखडे दिसतात, पाय कुठे ठेवायचा ते त्यांवरूनच कळतं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची गंमत इथे होते. आपला कातळ लाव्हाच्या थरांचा, त्याला नैसर्गिक टप्पे असतात आणि पाय खाचेत जाऊन बसतो. चीफ म्हणजे जमिनीच्या पोटात सावकाश थिजलेला ग्रॅनाइट. करडा, एकसंध, खाच अशी नाहीच. पहिल्यांदा आपण घाबरून बोटं रुतवायला जागा शोधतो. शोधू नका, पूर्ण तळवा टेकवा आणि सरळ उभं राहून चाला. कोरडा असेल तर बूट चिकटल्यासारखा बसतो. ओला असेल तर तिथूनच परत फिरा. (चीफच्या पश्चिमेच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक काळा पट्टा आहे, ब्लॅक डाइक. तो मात्र बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या घरचाच. बाबांना खालूनच दाखवा.)

वर गेल्यावर डबा उघडलात की चिपमंक येतात. वीतभर लांबीचे, पाठीवर पट्टे, थेट आपल्या खारीची भावंडं, म्हणून आपल्याला लगेच प्रेम येतं. देऊ नका काही. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या सॅकची चेन दोन इंच उघडी राहिली होती, तर एक चिपमंक चिवड्याच्या पुडीत शिरून शेंगदाणे तेवढे वेचून गेला. अस्वलांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. गाडीत खाण्याचं काही उघडं ठेवायचं नाही, लाडवांचा डबासुद्धा.

माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी आणि एक मित्र दुपारी साडेतीनला निघालो. ‘सिंहगड दीड तासात करतो, हे काय’ ही मस्ती. पहिलं शिखर झालं, दुसरंही करून टाकू म्हणालो. उतरताना झाडीत शिरलो आणि अंधार पडलाच. आपल्याकडे सूर्य गेला तरी थोडा उजेड रेंगाळेल असं वाटतं, पण त्या दाट देवदारांखाली तो आधीच संपलेला असतो. सकाळच्या पावसाने मुळं ओली, पायात स्पोर्ट्स शूज, फोनच्या टॉर्चला नऊ टक्के बॅटरी. शेवटचे जिने आम्ही बसून, एकेक पायरी घसरत उतरलो. तेव्हापासून सॅकमध्ये हेडटॉर्च कायम. तिथल्या शोध-बचाव पथकात स्वयंसेवक असतात आणि ते सुटकेचे पैसे घेत नाहीत, पण म्हणून त्यांना रात्री घरून उठवायचं का?

आईंसाठी सी टू स्काय गोंडोला, म्हणजे रोपवे. २०१४ साली सुरू झाला. मध्यंतरी २०१९ आणि २०२० अशी दोनदा कुणीतरी रात्री त्याची मुख्य केबलच कापली, अजून लोकांना कोडं आहे. आता व्यवस्थित चालू आहे. वर ८८५ मीटरवर १०० मीटर लांबीचा झुलता पूल, सपाट पायवाटा आणि खाली अख्खी खाडी. बाबांचं चीफने समाधान झालं नाही तर दुसऱ्या दिवशी त्यांना ‘सी टू समिट’ वाटेने साडेसात किलोमीटर चढून वर येऊ द्या, आई गोंडोलाने येतील, आणि उतरताना दोघं एकत्र. आमच्याकडे हा बेत फार यशस्वी झाला होता. शॅनन फॉल्स शेजारीच, ३३५ मीटर उंच, पार्किंगपासून पाच मिनिटं. मात्र ऑगस्टमध्ये पाणी कमी असतं, तेव्हा आपल्या आषाढातल्या धबधब्यांची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

पण आईंना सर्वांत जास्त आवडेल ते फुकट आहे. चीफच्या समोर, हायवेलगत खुर्ची टाकून बसा आणि दुर्बिणीने भिंतीवरचे गिर्यारोहक शोधा. आधी काहीच दिसत नाही, मग एक लाल ठिपका हलतो, मग त्याच्या खाली दोरी दिसते, आणि मग तासभर नजर हटत नाही. १९६१ मध्ये एड कूपर आणि जिम बॉल्डविन यांनी इथली ग्रँड वॉल पहिल्यांदा चढली, तेव्हा बघ्यांच्या गाड्यांनी हायवे तुंबला होता. तो हायवेही नवाच होता, १९५८ चा. त्याआधी व्हँकुव्हरहून इथे बोटीने यावं लागे, रेल्वेसुद्धा १९५६ ला जोडली गेली.

वाटेतल्या पाट्यांवर तिथल्या मूळ रहिवाशांच्या स्क्वॉमिश भाषेतल्या नावांत मधेच ‘७’ हा आकडा दिसेल. बाबा नक्की विचारणार. ती छपाईची चूक नाही, घशात आवाज क्षणभर अडवायची ती खूण आहे.

गॅरिबाल्डी पार्कमधली एल्फिन लेक्स अप्रतिम, पण एका बाजूने ११ किलोमीटर. दोन दिवसांत आईंना घेऊन नको. बाबा आणि तुम्ही वेगळे गेलात तर पासचे नियम निघण्याआधी बीसी पार्क्सच्या (ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उद्यान विभागाच्या) साइटवर बघा, दर वर्षी बदलतात. दोन तळी आहेत, एक पोहायचं आणि एक पिण्याचं. कुठलं कुठलं ते पाटी वाचून ठरवा!

ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर असू शकतो. तसं झालं तर डोंगर सोडा, वाटेतली ब्रिटानियाची तांब्याची खाण बघा. १९७४ ला बंद पडलेली, आता म्युझियम. आत छोट्या गाडीतून नेतात, थंड असतं, आईंना स्वेटर द्या.

आई-बाबांचा मुक्काम डिसेंबरपर्यंत असेल तर पुन्हा एकदा जा, स्क्वॉमिशमधल्याच ब्रॅकनडेलला, पांढऱ्या डोक्याचे गरुड बघायला. १९९४ च्या जानेवारीत तिथे एका दिवसात ३,७६९ मोजले होते. आता तेवढे येत नाहीत. नदीकाठच्या बांधावर सकाळी उभं राहिलं की मेलेल्या सामन माशांचा वास येतो आणि पलीकडच्या उघड्या झाडांवर कापसाची बोंडं फुटल्यासारखी डोकी दिसतात. माझ्या आईने एका झाडावर सतरा मोजली होती, बाबा चौदाच म्हणत होते.

दुर्बीण नसेल तर आमची घेऊन जा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.