यूझिंग लिहिले, तरी क्लास सापडेना

प्रश्न : आमचे भुसार मालाचे अडत दुकान आहे. त्यासाठी मी सी शार्पमध्ये प्रोग्रॅम लिहीत आहे. वजन, हमाली व तोलाई यांची आकडेमोड 'हिशेब' या प्रोजेक्टमध्ये आणि मराठी व कन्नड पावतीची छपाई 'पावती' या प्रोजेक्टमध्ये आहे. दोन्ही एकाच सोल्यूशनमध्ये असून पावतीच्या फाइलीत वरच 'यूझिंग हिशेब' लिहिले आहे, तरी सीएस०२४६ ही, म्हणजे नाव सापडत नाही अशी, एरर येते. स्पेलिंग अनेकदा तपासले. काय चुकते?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपले स्पेलिंग बरोबर असणार, राहिला आहे तो रेफरन्स, म्हणजे हा प्रोजेक्ट त्या प्रोजेक्टचा वापर करतो ही नोंद. एका सोल्यूशनमधले प्रोजेक्ट केवळ शेजारी असतात, प्रत्येकाची असेंब्ली, म्हणजे बिल्ड केल्यावर तयार होणारी डीएलएल किंवा ईएक्सई फाइल, वेगळी बनते, आणि ज्या असेंब्लींचा रेफरन्स दिलेला आहे त्यांच्याबाहेर कंपायलर नाव शोधत नाही. बेळगावचे बोलणे चालले आहे हे ठरले की नुसते 'गणपत गल्ली' म्हटलेले पुरते, तेवढेच काम यूझिंग करते. निपाणीहून बेळगावला नेणारा रस्ता म्हणजे रेफरन्स. सी शार्प १० मध्ये, २०२१ साली, आलेले, एकदाच लिहून प्रोजेक्टमधल्या सर्व फाइलींना लागू होणारे ग्लोबल यूझिंगही हा रस्ता बांधून देत नाही.

व्हिज्युअल स्टुडिओत 'पावती'वर राइट क्लिक करून ॲड, मग प्रोजेक्ट रेफरन्स निवडावे आणि 'हिशेब'समोर खूण करावी. येथे एक कळकळीची विनंती आहे : ब्राउझ करून बिन फोल्डरमधली डीएलएल जोडू नये. तसे केल्यास 'हिशेब' आधी बिल्ड झाला पाहिजे हे सोल्यूशनला कळत नाही. आपण हमालीचा दर बदलाल, पण पावतीवर जुनाच दर छापला जाईल, आणि शेतकऱ्याच्या हातात चुकीचा आकडा पडेल. प्रोजेक्ट रेफरन्स असला की बिल्डचा क्रम आपोआप लागतो. प्रोजेक्टची माहिती ठेवणाऱ्या सीएसप्रोज फाइलीत त्याचा सापेक्ष मार्ग नोंदलेला असतो, म्हणून दुसऱ्या संगणकावर नेताना दोन्ही फोल्डर त्याच रचनेत न्यावेत.

यानंतर सीएस०१२२, म्हणजे क्लास सापडला पण वापरण्याची मुभा नाही अशी एरर, दिसल्यास क्लासपुढे पब्लिक लिहिलेले नाही असे समजावे; काहीच न लिहिल्यास तो इंटर्नल धरला जातो, म्हणजे त्याच्या असेंब्लीपुरताच राहतो.

छपाई वेगळी ठेवलीत हे उत्तम केलेत, कारण कन्नड मजकूर सुधारताना आकडेमोडीला हात लागत नाही. मात्र 'हिशेब'मधून उलट 'पावती'चा रेफरन्स देऊ नये. असे चक्र स्वीकारले जात नाही. दोघांना लागणारे क्लास तिसऱ्या प्रोजेक्टमध्ये ठेवून दोघांनी त्याचा रेफरन्स घ्यावा.