संध्याकाळी पाचला उभं राहता आलं पाहिजे

बाळा,

तुझे मेसेज वाचले. काश्मीरला ट्रेकवर ट्राउट मासा धरायला जायचं म्हणतोस, अन् रॉड कोणता, रीळ हजार साइजची का दोन हजारची, स्पिनर (चमकतं फिरतं पातं लावलेला गळ) सोनेरी का चंदेरी, सगळे प्रश्न सामानाचे. सामानाचं सांगतो पण शेवटी, कारण काश्मीरच्या वरच्या तळ्यांवर जाऊन रिकाम्या हातानं आलेली पोरं मी पाह्यलीत ना, त्यांच्याकडं सामान एक नंबर होतं. पण दिवसभर चालून संध्याकाळी पाचला ती तंबूत डोकं धरून पडलेली असायची, आणि ट्राउट नेमका तेव्हाच काठाला खायला येतो. तेवढा एक तासदीड तास तुला पाण्याकाठी नीट उभं राहता आलं पाहिजे, बाकी सगळी तयारी त्यासाठीच आहे असं धरून चाल.

आता हिशोब बघ. परभणी 350 मीटरच्या आसपास, सोनमर्ग 2,700 च्या वर, निचनई खिंड 4,100 आणि विशनसर तळं 3,700 च्या घरात. आपलं रक्त उन्हाला सरावलेलं, 43 डिग्रीत आपण लग्नाच्या पंगती उठवतो, पण विरळ हवेपुढं ती ताकद काही कामाची नाही. तब्येत कितीही दणकट असू दे, उंची कुणाला लागंल सांगता येत नाही. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, ट्रेकवर ते तंतोतंत जमत नाही म्हणून सोनमर्गला एक रात्र जास्तीची काढायचीच. डोकं दुखायलंय, मळमळतंय, जेवण जात नाही असं झालं की लपवू नको, गाइडला सांग, आणि चालताना झोक जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर मासाबिसा सोडून खाली उतरायचं, रात्र असली तरी. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का नाही ते डॉक्टरला विचार, मेडिकलवाल्याला नको.

ग्रुपसोबत जाऊ नको असं मी कामून म्हणालो ते पण ऐक. ग्रुपचं टाइमटेबल ठरलेलं असतं, सोनमर्गहून निचनई, विशनसर, गडसर, सतसर, गंगाबळ आणि खाली नारानाग, रोज तंबू उचलायचा अन् पळायचं, त्यात गळ टाकायला टाइम कुठाय. चारपाच जण मिळून तिथलाच गाइड आणि घोडेवाला ठरवा आणि विशनसरला दोन रात्री मागून घ्या. मधल्या दिवशी थोडं वर चढून किशनसर तळ्याला जाता येतं, तोच तुझा खरा मासेमारीचा दिवस. गंगाबळला पण एक दिवस वाढवला तर सोन्याहून पिवळं, शेजारीच नुंदकोल तळं आहे. मिलिटरीचे चेकपोस्ट लागतात, आधार कार्ड ओरिजिनल ठेव. आणि आपलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड करून घे नाहीतर आई इकडं येडी होईल.

ट्राउट तिथला मूळचा नाही बरं का. 1899 मध्ये विलायतेहून पाठवलेली पहिली अंडी वाटेतच खराब झाली, मग 1900 मध्ये स्कॉटलंडहून दुसरी खेप आली ती जगली आणि तिथून हारवनच्या हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रातून, हळूहळू नद्यानाल्यात पसरवला. तिथले लोक जो मासा स्नो ट्राउट म्हणून दाखवतील तो ट्राउटच नाही, तो आपल्या रोहूच्या भाऊबंदातला. खरा ट्राउट थंड पाण्याचा, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि 20 डिग्रीच्या वर त्याचं खाणं सुटतं, म्हणून आपल्या नाथसागरात तो जगायचा नाही.

येलदरीच्या धरणावर तू मरळ काढतोस तसं तिथं करू नको, म्हणजे धाडदिशी काठावर जाऊन उभं राहायचं अन् लांबात लांब फेकायचं. काच असल्यागत पाणी असतं, तू त्याला दिसायच्या आधी तुझी सावली दिसते, आणि दगडावर बूट आपटला तरी त्याला कळतं. आणि मासा बऱ्याच वेळा काठापासून पंधरावीस फुटातच फिरत असतो, जिथं उथळ हिरवं पाणी संपून एकदम गडद निळं सुरू होतं त्या कडेला. तू त्याच्या डोक्यावरून पलीकडं फेकत बसशील. काठापासून दहाबारा पावलं मागं बस, पाण्यावरची चमक मारणारा पोलराइज्ड गॉगल लाव, आणि पंधरा मिनिटं नुसतं बघ. वरून वितळलेल्या बर्फाचा ओढा जिथं तळ्यात पडतो ती जागा पहिली धर, पाण्याबरोबर किडे तिथं वाहून येतात. तळ्यातून पाणी बाहेर पडतं ती दुसरी. वारा सुटला तर ज्या काठाला लाटा लागायल्यात त्या काठाला जा, हात गारठतील पण खाणं तिकडंच गोळा होतं. भर दुपारी ऊन पडलं की तो खोल जातो, तेव्हा तू पण झोप घे. संध्याकाळसाठी.

दुपारनंतर ढग भरून आले आणि गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून लांब व्हायचं. कार्बनचा रॉड म्हणजे विजेला आवतण. वीज पडून माणसं-बैलं गेल्याच्या बातम्या आपण दर जूनमध्ये वाचतो, तुला जास्त सांगायची गरज नाही.

हां, आता सामान. सहासात फुटी हलका रॉड, चार तुकड्यात मोडणारा. रीळ हजारची बास. लाइन, म्हणजे गळाची दोरी, चार ते सहा पाउंड ताकदीची. तीन ते पाच ग्रॅमचे चारसहा स्पिनर, दोन्ही रंगाचे घे, भांडत बसू नको. फ्लाय फिशिंगचा (फ्लाय म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा) रॉड आत्ता नको, ते शिकायला एक उन्हाळा जातो, त्यापेक्षा पारदर्शक बबल फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ गोळा, घे, त्यात अर्धं पाणी भरायचं आणि पुढं तीनचार फूट लाइन सोडून फ्लाय बांधायची, साध्या रॉडनं फ्लाय टाकता येते. गांडूळ अन् कणीक घरीच ठेव. फ्लायच चालते का स्पिनरपण, किती मासे ठेवता येतात, सीझनच्या तारखा काय, हे सगळं परमिटच्या अटीत असतं, ते जम्मू-काश्मीरच्या मत्स्य खात्याकडून काढायचं आणि नीट वाचायचं.

गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाक. तळं वर्षातले निम्मे महिने बर्फाखाली असतं, मासा हळू वाढतो, खायला एखादा ठेव, बाकी सोड. सोडायच्या माशाला हात लावायच्या आधी हात पाण्यात बुडव, कोरड्या हातानं धरला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर मरतो.

प्रॅक्टिस इथंच कर. बॅगेत बारा किलो भरून रविवारी देवगिरीचा किल्ला चढ, उतर, परत चढ. शेतात घमेलं ठेवून वीस पावलांवरून गळ काढलेला स्पिनर त्यात टाकायची सवय कर, मोकळ्या शेतात वारा असतो तेच बरं. आणि गाठ. लाइन गळाच्या डोळ्यातून घालायची, टोकानं मागच्या लाइनलाच पाच वेढे द्यायचे, टोक मागं डोळ्याजवळच्या फटीतून घालायचं, मग थुंकी लावून सावकाश ओढायची, कोरडी ओढली तर लाइन घासून कमजोर होते. ही गाठ डोळे झाकून, बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून बांधता आली पाहिजे. घरी पातेल्यात बर्फ टाकून कर, आई ओरडली तर माझं नाव सांग.

खायचं म्हणशील तर तिथं पाणी 88 डिग्रीलाच उकळतं, तुरीची डाळ पातेल्यात शिजता शिजत नाही, कुकर घोड्यावर टाक. पहिल्या दोन दिवसांना दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी चालते. जाताना नांदेड-अमृतसर सचखंड परभणीवरूनच जाते, पंजाबात गाडी बदलून कटरा, आणि जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत आहे. पण तिकीट काढायच्या आधी त्या वर्षी ट्रेकचा रस्ता उघडलाय का आणि परमिट मिळतंय का ते फोन करून पक्कं कर, मधे परिस्थितीमुळं बंदही ठेवतात. जुलै शेवट ते ऑगस्ट धर. रॉड घ्यायच्या आधी मला फोटो टाक, दुकानदार तुला समुद्राचा जाड रॉड गळ्यात मारंल.

काका