वाचन संपत नाही, लिहिणं सुरू होत नाही

“अजून थोडं वाचते, मग लिहायला घेते.” पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी सात महिने हेच म्हणत होती. लॅपटॉपमध्ये १४० शोधनिबंध साठवलेले आणि स्वतःच्या पेपरचं फक्त शीर्षक तयार: ‘परिचारिका आणि ताण’. आपण आळशी आहोत, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

आळस नव्हताच. प्रश्न ठरलेला नव्हता. नुसत्या विषयावर कितीही वाचलं तरी अपुरंच वाटतं. कुठे थांबायचं ते प्रश्न सांगतो. मग तिला शीर्षकाला प्रश्न विचारायला लावले. कुठल्या परिचारिका? अतिदक्षता विभागातल्या. ताण कशाचा? रात्रपाळीचा. मोजणार काय? झोप. शेवटी वाक्य असं झालं: ‘सलग रात्रपाळ्यांची संख्या आणि दिवसा मिळणारी झोप यांत काय संबंध आहे?’ ‘परिणाम’ हा शब्द मुद्दाम टाळला. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, आणि छापण्याआधी पेपर तपासणारे समीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

सारांश वाचून चाळणी लावली तेव्हा १४० पैकी २२ कामाचे निघाले. प्रत्येकाची तक्त्यात एक ओळ: अभ्यास कोणाचा, नमुना किती जणांचा, मोजलं कसं, हाती काय आलं, राहिलं काय. शेवटच्या रकान्यात तेच तेच येऊ लागलं की वाचन थांबवायचं. टिपणात पान क्रमांक लगेच लिहायचा, जसंच्या तसं घेतलेलं वाक्य अवतरणचिन्हांत ठेवायचं. नाहीतर काही महिन्यांनी ते आपलंच वाटू लागतं. नकळत वाङ्मयचौर्य होतं ते असंच.

नैतिकता समितीची मंजुरी आल्यावर प्रश्नावली आधी दहा जणींना दिली. ‘पुरेशी झोप मिळते का?’ याला चार तास झोपणारी ‘हो’ म्हणाली, सात तास झोपणारी ‘नाही’. प्रश्न बदलला: ‘मागच्या रात्रपाळीनंतर किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात?’ या दहा जणींची उत्तरं मुख्य नमुन्यात धरली नाहीत.

लिखाण प्रस्तावनेपासून सुरू केलं की बहुतेक जण तिथेच अडकतात. आधी पद्धती लिहावी, कारण तिथे जे करणार तेच सांगायचं असतं. मग तक्ते, निष्कर्ष, चर्चा. प्रस्तावना त्यानंतर आणि सारांश अगदी शेवटी. रोज ४५ मिनिटं, त्या वेळात नवं वाचन बंद.

पद्धतीचा कच्चा खर्डा सहा दिवसांत झाला. मार्गदर्शकांना दाखवायची वेळ आली तेव्हा “अजून नीट झालेलं नाही” म्हणत ती पुन्हा थबकली. तो तसाच न्यायला सांगितला: नमुना निवडण्यातली चूक आज सापडली तर दुरुस्त होते, माहिती गोळा झाल्यावर नाही.