घरी स्वयंपाक करताना पाककृती तंतोतंत पाळावी की अंदाजाने करावं?

तुमची आई म्हणते "अंदाजाने घाल", मोबाइलवरच्या व्हिडिओत सगळं ग्रॅममध्ये मोजलेलं असतं, मग ऐकायचं कुणाचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी पदार्थ बघून ठरवते. शिजत असताना चाखून सुधारता येणार असेल तर अंदाज. एकदा हातातून सुटल्यावर काहीच करता येणार नसेल तर माप, आणि तेही काटेकोर.

आमटी घ्या. आंबट कमी वाटली, आमसूल टाका. पातळ झाली, उकळू द्या. तिखट झाली तर गूळ आणि ओलं खोबरं आहेच. पोहे, उपमा, कोशिंबीर, रोजच्या भाज्या यांचंही तेच. पाककृतीतल्या "4 हिरव्या मिरच्या" इथे फारशा कामाच्या नाहीत. लवंगी असेल तर 2 पुष्कळ होतात, जाड पोपटी मिरची असेल तर 6 पण कमी पडतात. भाताचं पाणीही तसंच. नवा तांदूळ कमी पाणी घेतो, जुना जास्त, आणि लिहिणाऱ्याच्या डब्यात कुठला होता हे तुम्हाला कुठून कळणार?

मात्र अंदाज मापाचा करायचा, क्रमाचा नाही. हे नवशिक्यांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फोडणीत आधी तेल तापलं पाहिजे, मोहरी तडतडली पाहिजे, मग जिरं, हिंग, सगळ्यात शेवटी हळद-तिखट आणि लगोलग भाजी किंवा पाणी. हळद-तिखट आधीच पडलं तर मोहरी तडतडेपर्यंत करपतं, आणि ती करपट चव गुळाने जात नाही की खोबऱ्याने. चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ किंवा कडधान्य पूर्ण शिजल्यावरच घालायचे. आंबट आधी पडलं की दाणा मऊ होत नाही, मग उसळ कितीही वेळ उकळा, मटकी दाताखाली कचकचतेच. बोअरच्या जड पाण्यातही डाळ लवकर शिजत नाही, त्यातल्या कॅल्शियममुळे. तुमच्याकडे तसं पाणी असेल तर व्हिडिओत सांगितलेल्या शिट्ट्या विसरा आणि डाळ बोटाने दाबून बघा. आईचा अंदाज म्हणतात तो हाच. क्रम तिच्या हातात मुरलेला असतो, म्हणून तिला माप लागत नाही.

फराळ करायला बसलं की याच घरातल्या बायका वाटी हातात घेतात, आणि ते योग्यच आहे. पाकातले रव्याचे लाडू एकतारी पाकावर, म्हणजे बोटांत धरल्यावर एक तार सुटणाऱ्या पाकावर, उभे असतात. पाक जरा पुढे गेला की लाडू फुटता फुटत नाही, अलीकडेच उतरवला की वळताच येत नाही. अनारशाचे तांदूळ 3 दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत कपड्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे आणि त्या पिठाच्या वजनाइतकाच गूळ घालायचा. गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. चकलीत मोहन, म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, जास्त पडलं तर ती तेलात सुटते, कमी पडलं तर कडक होते. तिथे सुधारायची संधी एकदाच मिळते, घाणा सुरू करण्याआधी एक चकली तळून बघताना. ती कधीही सोडू नका.

लोणच्याबद्दल मी जास्तच आग्रही आहे. हल्ली तब्येतीच्या नावाखाली कैरीच्या लोणच्यातलं मीठ निम्मं करतात. ते मीठ नुसतं चवीसाठी नसतं, ते कैरीतलं पाणी बाहेर ओढतं आणि बुरशीला दूर ठेवतं. मीठ कमी खायचं असेल तर लोणचं फोडभरच वाढून घ्या, पण बरणीतलं प्रमाण बदलू नका. वर्षभराचं लोणचं आषाढात फेकताना जीव हळहळतो.

माप पाळायचं म्हणजे महागडा वजनकाटा हवा असं नाही. उकडीच्या मोदकांना साधारण 1 वाटी तांदळाच्या पिठीला 1 वाटी पाणी लागतं. वाटी लहान असो की मोठी, पिठी आणि पाणी एकाच वाटीने मोजा. अनारशासारखे वजनावर चालणारे पदार्थ थोडेच असतात, त्यांच्यापुरता काटा बाहेर काढा.

आईचा हात शिकायचा असेल तर एक युक्ती सांगते. तिच्या मुठीतलं मीठ, मसाला, गूळ भांड्यात पडण्याआधी तुमच्या वाटीत घ्या, चमच्याने मोजा, वहीत लिहा आणि मग तिला परत द्या. ती चिडेल, चार दिवस चिडू द्या. शेजारी तांदूळ नवा की जुना, मिरची कुठली, डाळ किती वेळ भिजली, हेही टिपून ठेवा. त्या वहीवरून आमटी आणि दोन-तीन भाज्या करा, आणि मग हळूहळू वही न बघता. चकली आणि अनारसे मात्र पहिल्या खेपेला तिच्या शेजारी बसूनच करा.