उत्तर: बाराखडी तोंडपाठ आहे, पण ‘मासा’ वाचता येत नाही

विट्याच्या ताई, तुमचा मुलगा पहिलीत आहे, बाराखडी धडाधड म्हणतो, पण ‘मासा’ समोर ठेवला की ‘म ला काना मा, स ला काना सा’ एवढं बोलून गप्प बसतो. शब्द काय झाला विचारलं की म्हणतो, ‘काना’! आमची धाकटी हुबेहूब हेच करायची. आता पाचवीत आहे आणि जेवतानाही पुस्तक सोडत नाही. तेव्हा आधी घाबरणं बंद करा.

मी शिक्षिका नाही, तासगावात पतसंस्थेत नोकरी करते. त्यामुळे हे सगळं एका आईचं मत समजा. रोज थोडा वेळ बसवणं, पाटी, तक्ते हे तुम्ही करतच असाल, त्यावर लिहीत नाही.

आमचं वर्ष खाल्लं ते एका क्लासनं. सांगलीत जोरात चालणारा होता, नाव घेत नाही. त्यांचा दंडक एकच: बाराखडी पक्की झाल्याशिवाय शब्द हातात द्यायचा नाही. रोज पानंच्या पानं भरून न्यायची. वाचन कधी सुरू होणार विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘पाठांतर कच्चं आहे, अजून एक बॅच करा.’ म्हणजे पुन्हा फी. पोरीला ‘को’ दाखवला की ती बोटांवर मोजत, ओठातल्या ओठात ‘क का कि की कु कू के कै’ करत तिथवर यायची. तिला ‘को’ ओळखू येत नव्हता, त्याचा नंबर माहीत होता! हे तिथल्या बाईंना मुद्दाम दाखवलं, तर म्हणाल्या, ‘बघा, येतंय की.’ अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

वर इंग्रजी फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याचा तास. त्यात मुलांकडून ‘बऽ, ॲ, टऽ’ असं ओरडून घ्यायचे. आपल्या ‘ब’मध्ये ‘अ’ मुरलेलाच असतो, त्यामुळे आपल्याला त्यात काही खटकत नाही. पण ते तीन तुकडे जोडून ‘बॅट’ कधीच होत नाही. पोर बिचारी ऐकलं तेच जोडत होती आणि चूक तिच्या नावावर जात होती.

आता माझ्या मते काय करावं. आठवडाभर अक्षरं दाखवूच नका, नुसतं कानावर काम करा. आमच्याकडे बेदाणे घरचेच. एक शब्द बोलायचा आणि तो तोंडात जितक्या वेळा फुटेल तितके बेदाणे ताटलीत ठेवायचे. पाटी दोन, बेदाणा तीन. बरोबर आले की खायचे. इथं एक खाच आहे. ‘कमळ’ बोलताना क-मळ असं दोनदाच फुटतं, लिहिताना मात्र अक्षरं तीन. म्हणून सुटं सुटं ‘क… म… ळ’ वाचणाऱ्या मुलाला त्यात कमळ ऐकूच येत नाही. असे शब्द नंतर घ्या. सुरुवात मामा, नाना, मासा, काका अशा शब्दांनी करा. ते जसे लिहितो तसेच बोलतो.

अक्षरांना ग, म, भ, न हा जुना क्रम चांगला आहे, वळणं सारखी असल्यानं हात बसतो. पण काना लगेच द्या, सगळी व्यंजनं संपायची वाट बघू नका. चार अक्षरं आणि काना एवढ्यावर मामा, नाना, नाग, मान होतात. पोराला त्या दिवशीच ‘मी वाचलं’ म्हणता येतं. त्यानंतर दुसरी वेलांटी: मामी, नानी. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवा, ती बोलायची नंतर आणि दिसते आधी, मुलं हमखास गोंधळतात. आणि ‘म ला काना मा’ हे म्हणणं सरळ थांबवा. बोट ठेवलं की ‘मा’, बास.

असं पाठांतराऐवजी करत करत शिकणं हे परदेशातून आलेलं फॅड नाही हो. दहाएक वर्षांपूर्वी साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे. तिथं फरशीवर आखून ठेवलेलं असायचं आणि पोरं त्यावर बसून आपापली शिकायची. क्लास लावण्याआधी गावातल्या झेडपी शाळेच्या पहिलीच्या गुरुजींना भेटा. अपवाद असतील, पण माझा अनुभव चांगला आहे.

तो ‘फुल’, ‘पानी’ लिहितो म्हणून ओरडू नका. घरात आजी ‘पानी’ म्हणत असेल तर त्यानं ऐकलं तेच लिहिलंय. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम तुम्हाला माहीत हवेत, त्याला आत्ता नकोत. 1962 च्या शासनमान्य नियमांनुसार फूल, दूध, मीठ यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ. फुलं, दुधाचा, मिठाचा झालं की ऱ्हस्व. गुण, सुख, विष हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, त्यांना हे लागू नाही. आता हे सहा वर्षांच्या पोराला कसं सांगणार? बरोबर लिहिलेला शब्द शेजारी ठेवा, तो बघून लिहील.

शाळा सेमी-इंग्रजी आहे म्हणालात, तर मराठी शब्द सरसर वाचेपर्यंत इंग्रजीत फक्त गाणी आणि गप्पा ठेवा. शाळा ऐकेल न ऐकेल, घरी तरी. इंग्रजी वाचन सुरू कराल तेव्हा ‘ब’ ओठ मिटून झटकन सोडायचा, मागं ‘अ’ ओढायचा नाही.

कान आणि डोळे मात्र डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. अध्ययन अक्षमता, म्हणजे हुशार असूनही वाचताना-लिहिताना अडणं, हा प्रकार खरा आहे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. पण पहिलीतच कोणी क्लासवाला तसा शिक्का मारत असेल तर ऐकू नका, ते तज्ज्ञांचं काम आहे.

आणि मोबाइलवरचं ॲप लावून देणार असाल तर त्यातले ‘ल’ आणि ‘श’ आधी बघा. बऱ्याच ठिकाणी ते हिंदी वळणाचे असतात. शाळेच्या पुस्तकात ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा असतो. आमच्याकडे त्यावरून आठवडाभर रडारड झाली होती.