मस्टँग घेणाऱ्या पोरासाठी

भावा, पंचविशीत सेकंडहँड फोर्ड मस्टँग घ्यायचं मनात आलंय, झकास. पण हप्ता बसतोय म्हणून गाडी परवडते असं धरू नकोस.

५ लिटरचं व्ही८ इंजिन पेट्रोल पिणार, हे तुला ठाऊकच आहे. टायर बघ. मागचे १९ इंची, रुंद. कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळत नाहीत, मागवावे लागतात. शिवाय ताकद मागच्या चाकांवर, म्हणून झिजतातही लवकर. दुरुस्तीच्या मोठ्या कामाला कोल्हापुरातनं पुणं गाठायचं तर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, सगळीकडं टोल. बंद पडली तर गाडी अख्खी वर चढवून नेणारा ट्रक, म्हणजे फ्लॅटबेडच बोलवायचा, दोरी लावून ओढायची नाही.

खरी गोम विम्यात आहे. पहिल्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, त्याच्याकडंच राहतो, तुला मिळत नाही. झिरो डेप, म्हणजे भाग जुना झाल्याची घट न कापणारं जादा कव्हर, नसेल तर रबर-प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसे तुझ्या खिशातून, आणि बंपर प्लॅस्टिकचाच असतोय. त्यात आपलं कोल्हापूर. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलायस नव्हं? साचलेल्या पाण्यात गाडी चालू केली आणि इंजिनात पाणी गेलं, तर साधी पॉलिसी सहसा हात वर करते. त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. पंचगंगेकडच्या सखल भागात पार्किंग असेल तर मी म्हणेन, आधी जागा बदल.

जुन्या गाडीला ही जादा कव्हरं मिळतीलच असं नाही. टोकन द्यायच्या आधी गाडीचा नंबर देऊन विम्याचं कोटेशन काढून घे.